थोरली कोण, धाकटा कोण? भावंडांच्या वयांच्या कोड्याची उकल

यवतमाळ, प्रतिनिधी

भावंडांची वये शोधून काढण्याचे गणित मराठी शाळांना नवे नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते कधी ना कधी सोडविलेले असते. पुस्तकात या प्रकाराला ‘वयवारी’ म्हणतात. मात्र यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे कोडे केवळ पुस्तकात राहिलेले नाही. शाळेच्या दाखल्यावरील ‘१ जून’ ही जन्मतारीख, कोतवाल बुकातील नाव नसलेली नोंद आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण यांचा मेळ घालून आपले खरे वय शोधण्याची वेळ येथील अनेक कुटुंबांवर आली आहे. निवृत्तिवेतन, सेवानिवृत्ती, शाळाप्रवेश आणि विवाहाचे वय या साऱ्या गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून असतात. पुस्तकातील कोडे ज्या नियमांनी सुटते त्याच नियमांनी कागदावरचे कोडेही कसे सुटते, याचा हा आढावा.

घर क्रमांक तेरा

जगभर प्रसिद्ध असलेले एक कोडे आपल्याकडच्या वेशात असे मांडता येईल. जनगणनेसाठी आलेला प्रगणक एका घराच्या दारात उभा राहतो आणि मुले किती, त्यांची वये काय, असे विचारतो. घरची बाई गणिताची शिक्षिका असते. ती म्हणते, ‘‘मुले तीन. त्यांच्या वयांचा गुणाकार ३६ आणि बेरीज या घराच्या क्रमांकाइतकी.’’ प्रगणक दारावरची पाटी पाहतो, वहीत आकडेमोड करतो आणि म्हणतो, ‘‘बाई, एवढ्यावरून उत्तर निघत नाही.’’ त्यावर ती म्हणते, ‘‘थांबा जरा, थोरलीची शाळा सुटायची वेळ झाली.’’ प्रगणक तत्काळ तिन्ही वये लिहून घेतो.

वाचकाला घराचा क्रमांक सांगितलेला नाही. तरीही उत्तर निघते. त्यासाठी गुणाकार ३६ येणाऱ्या तीन पूर्णांकांच्या सर्व जोडण्या मांडाव्या लागतात. १, १, ३६ यांची बेरीज ३८ येते. १, २, १८ यांची २१. १, ३, १२ यांची १६. १, ४, ९ यांची १४. १, ६, ६ यांची १३. २, २, ९ यांची १३. २, ३, ६ यांची ११ आणि ३, ३, ४ यांची १०.

घर क्रमांक १४ असता तर प्रगणकाने १, ४ आणि ९ असे उत्तर लगेच दिले असते. क्रमांक ११ किंवा १६ असता तरी तसेच झाले असते. ज्याअर्थी पाटी पाहूनही त्याला उत्तर निघाले नाही, त्याअर्थी एकाच बेरजेच्या दोन जोडण्या त्याच्यासमोर होत्या. अशी बेरीज केवळ १३ आहे. म्हणून घर क्रमांक तेरा आणि वये एकतर १, ६, ६ किंवा २, २, ९. आता शेवटचे वाक्य कामाला येते. ‘थोरली’ एकच आहे, म्हणजे सर्वांत मोठ्या वयाचे मूल एकच. उत्तर २, २ आणि ९.

या कोड्याची खुबी दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे, प्रगणकाला न समजणे हीसुद्धा वाचकासाठी माहितीच ठरते. दुसरी म्हणजे, ‘थोरली’ हा नात्याचा क्रम सांगणारा साधा शब्द आकड्यांना जमले नाही ते काम करून जातो.

चिकित्सक वाचक येथे एक आक्षेप घेतात. सहा वर्षांची दोन मुले असली तरी त्यांत थोरली असू शकते. जुळ्यांतही एक आधी जन्मते. शिवाय दहा-अकरा महिन्यांच्या अंतराने झालेली भावंडे वर्षातील काही दिवस ‘पूर्ण सहा वर्षांची’च असतात. आक्षेप रास्त आहे. कोड्यात तो सोडून द्यावा लागतो. खेड्यातील शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र तो सोडून देता येत नाही. कारण तेथे एकाच तारखेला जन्मलेली, पण जुळी नसलेली भावंडे खरोखरच भेटतात.

डायोफँटसपासून भास्कराचार्यांपर्यंत

वयाचे कोडे फार जुने आहे. ग्रीक कोड्यांच्या प्राचीन संग्रहात डायोफँटस या गणितीच्या आयुष्याचे कोडे आहे. आयुष्याचा सहावा भाग बालपणात, बारावा भाग तारुण्यात, त्यानंतर सातवा भाग लोटल्यावर विवाह, पुढे पाच वर्षांनी मुलगा, मुलाला बापाच्या निम्मे आयुष्य आणि मुलाच्या पश्चात चार वर्षांनी बापाचा मृत्यू, असा त्याचा आशय. उत्तर ८४ वर्षे.

महाराष्ट्राशी जवळचे नाते सांगणारे गणिती भास्कराचार्य यांनी स्वतःच्या वयाचा हिशेब ग्रंथातच नोंदविला आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, असे ते सांगतात. हे आकडेही त्यांनी अंकांत न देता शब्दांत गुंफले. जुन्या संकेतानुसार ‘रस’ म्हणजे सहा, कारण रस सहा. ‘गुण’ म्हणजे तीन, कारण गुण तीन. एकक स्थानापासून उलट वाचत गेले की वर्ष मिळते. त्यावरून ग्रंथाचे वर्ष शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० निघते. ‘करणकुतूहल’ या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथातील गणिताचा आरंभ शके ११०५ चा आहे. म्हणजे तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. जन्माचे एक वर्ष पक्के माहीत असले की पुढचे प्रत्येक वय केवळ वजाबाकीने मिळते. अडचण होते ती हे एक वर्षच माहीत नसते तेव्हा.

वयवारीची किल्ली

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी या दोन्ही विषयांच्या तयारीत वयवारी येते. ही परीक्षा दीर्घकाळ चौथी आणि सातवीसाठी होती. पुढे ती पाचवी आणि आठवीसाठी घेतली जाऊ लागली. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजेच ‘एनएमएमएस’, ही केंद्र सरकारची योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिच्या मानसिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे मदत मिळते. सुरुवातीला वर्षाला ६ हजार रुपये असलेली ही रक्कम २०१७ पासून १२ हजार रुपये झाली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी ही योजना असल्याने जिल्हा परिषदेच्या शाळांत तिची तयारी मनापासून केली जाते. कोरडवाहू कापसावर घर चालणाऱ्या कुटुंबात चार वर्षांचे ४८ हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. तेव्हा वयवारीचे एक उदाहरण सुटणे वा न सुटणे याला व्यवहारात मोल आहे.

हे गणित समीकरण न मांडताही सोडविता येते. त्याची किल्ली एकच : वय दरवर्षी बदलते, पण दोन भावंडांच्या वयांतील अंतर कधीच बदलत नाही.

उदाहरण असे. दोन वर्षांपूर्वी ताईचे वय भावाच्या वयाच्या तिप्पट होते. आणखी दोन वर्षांनी ते दुप्पट होईल. आज दोघांची वये किती?

दोन वर्षांपूर्वी भावाचे वय एक भाग मानले तर ताईचे तीन भाग आणि अंतर दोन भाग. आणखी दोन वर्षांनी ताई दुप्पट वयाची असेल, तेव्हा दोघांतील अंतर भावाच्या वयाइतकेच असेल. अंतर तर दोन भागच आहे. म्हणजे भावाचे वय एका भागावरून दोन भागांवर गेले. त्यासाठी लागलेली वर्षे चार. म्हणून एक भाग चार वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी भाऊ ४ आणि ताई १२ वर्षांची होती. आज ६ आणि १४. दोन वर्षांनी ८ आणि १६. अंतर प्रत्येक वेळी आठच.

विद्यार्थी चुकतात ते एकाचेच वय पुढे नेल्यामुळे. ‘दोन वर्षांनी’ म्हटले की दोघांच्याही वयांत दोन मिळवायचे, हे ध्यानात ठेवले तर निम्मे गणित सुटते.

एक जूनला जन्मलेला गाव

आता पुस्तक मिटून शाळेचे जनरल रजिस्टर उघडले की दुसरेच कोडे समोर येते. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. काही ठिकाणी १ जुलैही आढळते. यामागे योगायोग नाही. शैक्षणिक वर्षाचा आरंभ जूनमध्ये होई. प्रवेशाच्या वेळी मुलाचे किमान वय पूर्ण झालेले असणे आवश्यक होते. आईवडिलांना जन्मतारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कानाला हात लागला की मूल शाळेच्या वयाचे झाले, असे मानून त्या वर्षातून सहा वजा केले जात आणि तारखेच्या जागी १ जून लिहिले जाई. गुरुजींच्या दृष्टीने तो प्रश्न सुटलेला असे. ज्याच्या नावापुढे ती तारीख लागली, त्याचा प्रश्न मात्र तेथून सुरू होई.

शासकीय सेवेत याचे परिणाम ठळक दिसतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार त्याआधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मे हा सर्वाधिक गर्दीच्या निवृत्तीचा दिवस ठरत आला आहे.

कागदोपत्री नोंदच नव्हती असे मात्र नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीही गावपातळीवर जन्म आणि मृत्यू टिपले जात. यवतमाळ जिल्हा वऱ्हाडाचा भाग होता. पुढे तो मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी गावच्या कोतवालाची वही चालू राहिली. हीच वही ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते. जात पडताळणीच्या प्रकरणांत आजही तिचे उतारे पुरावा म्हणून सादर होतात.

या वहीत एक उणीव असते. बारसे होण्यापूर्वीच नोंद होत असल्याने तेथे बाळाचे नाव अनेकदा नसते. बापाचे नाव, जात, जन्माची तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. उलट शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव असते, पण तारीख अंदाजाची असते. एका वहीत तारीख खरी, पण नाव नाही. दुसरीत नाव खरे, पण तारीख नाही. भावंडांच्या वयांचे अस्सल कोडे ते हेच.

चार भावंडे, दोन वह्या

हे कोडे कसे सुटते ते एका काल्पनिक कुटुंबाच्या उदाहरणाने पाहता येईल. थोरली बहीण, थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटा भाऊ अशी चार भावंडे. हा क्रम घरात सर्वांना ठाऊक आहे. ‘‘आमचे एक भावंड तान्हेपणीच गेले’’ असेही ती सांगतात. पण ते केव्हा, हे कुणाला आठवत नाही.

शाळेच्या रजिस्टरमध्ये थोरलीचे नाव नाही. ती शाळेत गेलीच नाही. थोरल्याची जन्मतारीख १ जून १९५४. मधली आणि धाकटा या दोघांचीही १ जून १९५९. दोघेही जून १९६५ मध्ये एकाच दिवशी शाळेत दाखल झाले.

कोतवाल बुकात या कुटुंबाच्या वडिलांच्या नावे पाच नोंदी सापडतात. ऑक्टोबर १९५३, मुलगा. जानेवारी १९५६, मुलगी. फेब्रुवारी १९५९, मुलगा. जून १९५९, मुलाचा मृत्यू, वय चार महिने. एप्रिल १९६०, मुलगा.

घाईने पाहणारा म्हणेल की धाकट्याची शालेय तारीख १ जून १९५९ आहे, तिच्या सर्वांत जवळची मुलाची नोंद फेब्रुवारी १९५९ ची आहे, म्हणून धाकट्याचा जन्म तोच. हे उत्तर चुकीचे आहे. जून १९५९ मध्ये गेलेले बाळ चार महिन्यांचे होते. म्हणजे ते फेब्रुवारीत जन्मलेले. ती जन्मनोंद त्याच बाळाची. धाकटा त्यानंतरचा, एप्रिल १९६० चा. यास आणखी एक दुजोरा मिळतो. तान्हे मूल दगावले की आईचे अंगावर पाजणे थांबते आणि पुढचे मूल तुलनेने लवकर होते, असे लोकसंख्याशास्त्र सांगते. या घरातील आधीच्या बाळंतपणांत सव्वादोन आणि तीन वर्षांची अंतरे आहेत. येथे मात्र चौदा महिन्यांचे.

मधली बहीण जानेवारी १९५६ ची. कारण मुलीची नोंद ती एकच आहे आणि थोरली तर १९५३ च्या थोरल्याहूनही मोठी. म्हणजे शाळेत नाव घातले तेव्हा मधली साडेनऊ वर्षांची होती. मायबाप शेतावर गेल्यावर धाकट्याला सांभाळायला घरी कुणीतरी हवे, म्हणून तिला घरी ठेवले आणि तो शाळेत जायच्या वयाचा झाल्यावर दोघांना एकदमच पाठविले. कागदावर ही दोघे जुळी झाली. प्रत्यक्षात त्यांच्यात सव्वाचार वर्षांचे अंतर आहे. पाठच्या भावाला कडेवर घेऊन वाढविणारी बहीण त्याच्याच वयाची कशी, हा प्रश्न रजिस्टरला पडत नाही; घराला पडतो.

राहिली थोरली. तिची नोंद या गावच्या वहीत नाही. येथे घर क्रमांक तेराचा धडा उपयोगी पडतो. उत्तर न निघणे हीही माहिती असते. नोंद नाही म्हणजे जन्म झाला नाही असे नव्हे. जन्म येथे झाला नाही, एवढेच. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत सर्वदूर आहे. म्हणून थोरलीची नोंद आईच्या माहेरच्या गावात शोधायची. तेथील वहीत थोरल्याच्या जन्माआधीच्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे १९५० ते १९५३ या काळात, वडिलांच्या नावे ‘मुलगी’ अशी नोंद सापडली की कोडे पूर्ण होते.

चुकीच्या उत्तराची किंमत

पुस्तकातील उदाहरण चुकले तर गुण जातो. येथे काय जाते, हे याच कुटुंबावरून मोजता येईल. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी ६५ वर्षे वय लागते. मधली बहीण खरोखर जानेवारी २०२१ मध्ये ६५ वर्षांची झाली. कागदावर जून २०२४ मध्ये. या फरकाचे ४१ महिने होतात. योजनेची मासिक रक्कम २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये झाली. निराधार वृद्धेच्या दृष्टीने ४१ हप्ते म्हणजे साडेतीन वर्षांचे मीठमिरची आणि औषधपाणी.

धाकटा भाऊ लिपिक म्हणून ५८ व्या वर्षी निवृत्त झाला असे धरले तर कागदाप्रमाणे त्याची सेवा ३१ मे २०१७ रोजी संपली. खऱ्या तारखेप्रमाणे ती ३० एप्रिल २०१८ पर्यंत चालली असती. अकरा महिन्यांचे वेतन त्याच्या हातून गेले. एकाच तारखेने बहिणीला तरुण केले आणि भावाला म्हातारे केले.

याहून गंभीर बाब मुलींच्या विवाहाची. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. मुलीचे वय कागदावर दोन वर्षांनी वाढलेले असेल तर सोळाव्या वर्षी लावलेले लग्न कायदेशीर दिसू लागते. वयाची नोंद ही मुलीची ढाल असते. ती चुकली की ढालच नाहीशी होते.

कायद्याची पायरी

वय ठरविण्याची पद्धत कायद्यानेही घालून दिली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र; ते नसल्यास महापालिका, नगरपालिका अथवा पंचायतीचा जन्मदाखला; आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या वाढीची वैद्यकीय तपासणी. वैद्यकीय तपासणीतून नेमकी तारीख मिळत नाही. तिच्यात सुमारे दोन वर्षांचा मागेपुढे फरक राहू शकतो, हे न्यायालयांनी वेळोवेळी ध्यानात घेतले आहे.

शाळेच्या नोंदीला मान असला तरी ती डोळे झाकून स्वीकारली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिरदमल सिंघवी प्रकरणात स्पष्ट केले की, ही माहिती शाळेला कुणी आणि कशाच्या आधारे दिली हे सिद्ध झाल्याशिवाय अशा नोंदीला फारसे वजन नाही. २०२४ मध्ये मोटार अपघात भरपाईच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख ग्राह्य धरली. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असा त्याचा अर्थ.

१९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविण्यात आला आहे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शासकीय कर्मचाऱ्याला सेवापुस्तकातील जन्मतारीख बदलून हवी असल्यास सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर केलेले अर्ज टिकत नाहीत.

पोळा, दुष्काळ आणि मुख्यमंत्री

दोन्ही वह्या नसतील तर आठवणींचे पंचांग उरते. जनगणनेतही ही पद्धत मान्य आहे. वय सांगता न येणाऱ्या व्यक्तीला प्रगणकाने परिसरातील ठळक घटनांची आठवण करून द्यावी, अशी सूचना असते. कारण अंदाजाने सांगितलेली वये शून्य आणि पाच या अंकांवर येऊन थांबतात. कुणी ४७ म्हणत नाही. ४५ किंवा ५० म्हणतात. हा गोळाबेरजेचा दोष मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. निर्देशांक १०० असला तर दोष नाही. ५०० असला तर सर्वांनीच वये शून्य वा पाचवर संपविली. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार ३४८ होती. एवढ्या लोकसंख्येत वयाचा असा ढोबळपणा राहिला तर शाळा, लसीकरण आणि निवृत्तिवेतन यांचे नियोजनच चुकते.

यवतमाळकरांजवळ अशा खुणा भरपूर आहेत. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७२ चा दुष्काळ, तेव्हाची सुखडी आणि लाल मिलो कुणी विसरलेले नाही. १९७९ च्या जुलैत ‘स्कायलॅब’ कोसळणार म्हणून गावोगाव धास्ती होती. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली. वर्षाची खूण अशी मिळते. महिन्याची खूण सण आणि शेती देतात. ‘‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’’ म्हटले की श्रावण अमावास्येनंतरचा दिवस, साधारण ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ. ‘‘कापूस वेचायला बायका गेल्या होत्या’’ म्हटले की दिवाळीच्या आगेमागे. ‘‘दुष्काळाच्या साली, तान्ह्या पोळ्याला’’ एवढ्या शब्दांत वर्ष आणि पंधरवडा दोन्ही सापडतात.

घरचे कोडे सोडविताना

आपल्या घरातील वयांचा मेळ घालू इच्छिणाऱ्यांनी पुढील क्रम पाळणे सोयीचे ठरते.

१. प्रथम सर्व भावंडांचा जन्मक्रम लिहावा. दगावलेली मुलेही त्यात धरावीत. तारखा विसरल्या जातात. थोरला-धाकटा हा क्रम सहसा विसरला जात नाही.

२. ज्याची जन्मतारीख निर्विवाद आहे असे एक तरी भावंड, चुलत वा मावस भावंड शोधावे. एक खुंटी पक्की झाली की इतरांची वये अंतरावरून मोजता येतात.

३. एकाच आईच्या दोन मुलांच्या कागदावरील तारखांत नऊ महिन्यांपेक्षा बरेच कमी अंतर असेल आणि ती जुळी नसतील, तर किमान एक तारीख चुकीची आहे हे निश्चित.

४. १ जून वा १ जुलै ही तारीख दिसताच ती अंदाजाची असू शकते हे धरून चालावे. त्यातील वर्षावरही भरवसा ठेवू नये. शाळेत नाव उशिरा घातले असेल तर वर्षच चुकलेले असते.

५. कोतवाल बुकातील जन्माबरोबर मृत्यूच्या नोंदीही पाहाव्यात. थोरल्या अपत्यासाठी आईच्या माहेरचे गाव तपासावे.

६. उतारे प्रमाणित करून घ्यावेत आणि प्रत्येक निष्कर्षामागील कारण लिहून ठेवावे. अधिकाऱ्यासमोर उत्तरापेक्षा रीत अधिक महत्त्वाची असते.

वाचकांसाठी एक उदाहरण

शेवटी एक कोडे. प्रगणक दुसऱ्या घरी जातो. तेथेही मुले तीन. वयांचा गुणाकार ७२, बेरीज घराच्या क्रमांकाइतकी. पाटी पाहूनही त्याला उत्तर निघत नाही. तेव्हा घरची बाई म्हणते, ‘‘हळू बोला, धाकटी झोपली आहे.’’ प्रगणक वये लिहून घेतो. ती कोणती?

उत्तर : ७२ गुणाकाराच्या जोडण्यांत एकच बेरीज दोनदा येते ती १४, २, ६, ६ आणि ३, ३, ८ यांची. ‘धाकटी’ एकच असल्याने वये २, ६ आणि ६. ही दोन सहा वर्षांची मुले खरी जुळी की कागदावरची, हे मात्र कोतवाल बुकच सांगेल.